खोक्यावरचे १५ बार

घरगुती एस्प्रेसो यंत्रांच्या दुनियेत एक गंमत आहे. जे यंत्र सगळ्यात स्वस्त, त्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत छापलेलं असतं, '१५ बार'. कधी कधी २० सुद्धा. आणि ज्याच्या किमतीत तसली दहा यंत्रं येतील, त्याच्या माहितीपत्रकात दाबाचा आकडा असतो ९. तोही आतल्या कुठल्या तरी पानावर, बारीक टाइपात. पहिल्यांदाच यंत्र घ्यायला निघालेल्या माणसाला वाटणारच की कमी पैशांत जास्त मिळतंय, मग दहापट खर्च करणारे ते लोक कोण?

ते लोक वेडे नाहीत. निदान सगळे नाहीत. पण ते पैसे नेमके कशाला जातात हे कळायला मला बराच काळ लागला, आणि दोन्ही तऱ्हेची यंत्रं एकाच ओट्यावर शेजारी शेजारी आली तेव्हा कुठे ते नीट उलगडलं.

आधी त्या १५ बारचा निकाल लावू. बार हे दाबाचं माप. आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब सतत असतो, तो साधारण १ बार. एस्प्रेसोला त्याच्या नऊपट लागतो. १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी, २५ ते ३० सेकंद, आणि कपात ३६ ग्रॅमच्या आसपास पेय, हे ढोबळ गणित सगळीकडे चालतं. लहान यंत्रातला पंप कंपनावर चालतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की आतला चिमुकला दट्ट्या खेचला जातो, स्प्रिंग त्याला परत ढकलते, आणि हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा होतं. शॉट, म्हणजे एका वेळचा एस्प्रेसो, काढताना जो घर्र आवाज येतो तो याचाच. पुढची वाट पूर्ण बंद असेल, तर हा पंप १५ बारपर्यंत जोर लावू शकतो. म्हणजे पाणी वाहतच नसताना! खोक्यावरचा आकडा पंपाच्या ताकदीचा आहे, कॉफीला मिळणाऱ्या दाबाचा नव्हे. बऱ्यापैकी यंत्रात पंपाच्या पुढे एक झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती जादा पाणी टाकीकडे परत सोडते. ही झडप नसली किंवा फार वरच्या आकड्याला लावलेली असली, की दाबून बसवलेल्या कॉफीच्या चकतीवर नको तेवढा जोर येतो आणि पाणी वाट फोडून एका बाजूने पळतं. गाजिया क्लासिकसारख्या एका बॉयलरच्या यंत्रांचे हौशी मालक वर्षानुवर्षं त्या झडपेतली स्प्रिंग बदलून दाब ९ वर उतरवत आले आहेत. सुधारणा म्हणून दाब कमी करायचा, हे खोकं वाचून कुणाला सुचेल?

हा नवाचा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ साली वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेराने एकेका कपासाठी ती कल्पना सुधारली. पण ती यंत्रं वाफेच्या दाबावर चालायची आणि तो दीड बारच्या आसपास. दाब वाढवायचा तर पाणी आणखी तापवावं लागे आणि कॉफी करपट व्हायची. दाब आणि उष्णता यांची ही गाठ सोडवली ती आकिले गाजियाने, १९४७-४८च्या सुमारास. त्याने दांडा आणि स्प्रिंग लावली. हाताने दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग आवळली जाते, सोडली की ती दट्ट्याला रेटते. पहिल्यांदाच उकळत्याहून कमी तापलेलं पाणी इतक्या जोराने कॉफीतून गेलं, आणि वर ती तांबूस साय आली, जिला आपण क्रेमा म्हणतो. १९६१ साली एर्नेस्तो व्हालेन्तेच्या फाएमा कंपनीने ई-६१ हे यंत्र काढलं आणि स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आला. त्या यंत्राचं पितळी, जाडजूड ग्रुप हेड, म्हणजे जिथे पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचा दांडा असलेला पेला) अडकवतात तो भाग, साठ वर्षं उलटून गेल्यावरही आजच्या कित्येक महागड्या घरगुती यंत्रांवर जवळजवळ जसंच्या तसं बसवलेलं असतं. त्यामुळे महाग म्हणजे अत्याधुनिक, हे समीकरण इथे पहिल्या पायरीवरच अडखळतं.

आता त्या ओट्याची गोष्ट. माझं यंत्र एका बॉयलरचं, साधं. एक दिवा, तीन बटणं, बाजूला वाफेची नळी. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळी भावंडं दादा म्हणतो, त्याच्याकडे दोन बॉयलरचं. त्याच्या स्वयंपाकघराची तोडफोड निघाली आणि सिमेंटची धूळ यंत्रात जाईल या भीतीने त्याने ते माझ्याकडे आणून ठेवलं. आणून ठेवलं म्हणजे दोघांनी मिळून उचललं. या वर्गातली काही यंत्रं तीस किलोच्या घरात जातात. "वापर गं खुशाल," तो म्हणाला, आणि पुढे अर्धा तास काय काय करायचं नाही ते सांगत बसला.

दोन्ही यंत्रांतला सगळ्यात मोठा फरक बाहेरून दिसतच नाही. तो आहे तापमानाचा.

माझ्या यंत्रात पाणी तापवणाऱ्या बॉयलरवर एक गोल बटणाएवढा थर्मोस्टॅट आहे. इस्त्रीत असतो तसाच. आत दोन धातूंची पट्टी, तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होते आणि जोडते. यात मधलं काही नाही. पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. वीज तुटली तरी तापलेली कॉइल आणखी काही वेळ उष्णता ओततच राहते, आणि पुन्हा जोडली जाईपर्यंत पाणी बरंच थंड झालेलं असतं. हा झोका दहा अंशांहूनही मोठा असू शकतो. एस्प्रेसोत दोन अंशांनी चव हलते. थंडीकडे झुकलं की आंबट, पातळ, जिभेच्या कडांना झोंबणारी. तापट झालं की कडवट आणि घसा कोरडा करणारी.

म्हणून या यंत्रांचे मालक एक कसरत शिकतात. मी करते ती अशी. पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडायचं. आधी वाफ फुसफुसते, थेंब तडतडत उडतात. हळूहळू तडतड थांबून धार सरळ होते. तेवढ्यात दिवा लागतो, म्हणजे थर्मोस्टॅटने वीज जोडली. धार बंद. आता दिवा विझायची वाट. या वेळात कॉफी दळून, बास्केटमध्ये, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या भोकांच्या वाटीत, भरून, सारखी करून दाबून घ्यायची. दिवा विझला की लगेच काढायचं नाही, कारण तापमान अजून चढतंय, आणि मग उतरणार आहे. मनात आकडे मोजायचे. किती, ते कॉफीवर अवलंबून. गडद भाजलेल्या दाण्यांना जास्त थांबायचं, पाणी जरा निवू द्यायचं. फिकट भाजलेले दाणे कडक असतात, त्यांच्यातून चव काढायला पाणी तापलेलंच हवं, त्यांना लवकर गाठायचं. एवढं सगळं जमलं की जो कप मिळतो तो उत्तमच असतो. पण पाहुणा बोलत राहिला आणि मोजणी चुकली की काय मिळेल ते सांगता येत नाही.

दादाच्या यंत्रात मी बोटाने ९३ लावलं. संपलं.

त्या ९३च्या मागे जे बसलंय त्याला पीआयडी म्हणतात, आणि त्याचा जन्म स्वयंपाकघरापासून फार दूर झाला. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ साली जहाजांच्या आपोआप सुकाणू धरण्याबद्दल लिहिलेल्या निबंधात त्याचं गणित मांडलं. मुरलेला सुकाणूवाला नुसतं 'आत्ता जहाज किती भरकटलंय' एवढंच बघत नाही. गेला बराच वेळ ते एकाच बाजूला सरकतंय का, आणि आत्ता वळण्याचा वेग किती आहे, हेही त्याच्या हाताला कळत असतं. पीआयडीची तीन अक्षरं म्हणजे या तीन गोष्टी. बॉयलरवर लावलं तर तो नियंत्रक तापमान गाठायच्या आधीच वीज थोडी थोडी द्यायला लागतो, वर उडू देत नाही, खाली पडू देत नाही. बॉयलरमधलं पाणी एखाद्या अंशाच्या आत राहतं. मी दिव्याकडे बघत मनातल्या मनात जे करत होते, तेच ते करतं. फक्त त्याच्याकडे पाहुणे येत नाहीत.

मग दुधाचं प्रकरण. मला वाटतं, काळी कॉफी पिणारा आणि दुधाची पिणारा यांनी यंत्राविषयी एकमेकांचे सल्ले ऐकूच नयेत. कॉफीला पाणी हवं नव्वदीतलं. दूध फेसाळायला वाफ हवी म्हणजे बॉयलर १२० अंशांच्या वर. एकच बॉयलर असेल तर आधी शॉट काढा, मग बटण दाबून थांबा, पाणी चढू द्या, मग दूध. तोवर क्रेमा विरत जातो. दुसऱ्या कपासाठी पुन्हा उलटी यात्रा, पाणी सोडून बॉयलर थंड करा. एका माणसाला हे ठीक आहे. चार माणसं बसलेली असतील तर चौथ्याचा कप होईपर्यंत पहिल्याचा विसळून झालेला असतो.

यावर मधला एक उपाय आहे, तो मला फार आवडतो, कारण त्यात चतुराई आहे. हीट एक्स्चेंजर. बॉयलर एकच, तोही वाफेसाठी तापवलेला, पण त्याच्या पोटातून एक नळी जाते. कॉफीचं ताजं पाणी त्या नळीतून जाता जाता तापतं. वाफ आणि शॉट एकाच वेळी. तोटा असा की यंत्र नुसतं उभं राहिलं तर नळीतलं पाणी भलतंच तापतं आणि शॉटच्या आधी थोडं सोडून द्यावं लागतं. दोन स्वतंत्र बॉयलर हा सरळ, खर्चिक मार्ग. एक कॉफीचा, एक वाफेचा, कुणाचं कुणाशी भांडण नाही. ला मार्झोक्को या फ्लोरेन्सच्या कंपनीने १९७० साली व्यावसायिक यंत्रात ही रचना आणली आणि घरातल्या ओट्यावर मावेल असं लिनेआ मिनी २०१५ साली काढलं. आणि या सगळ्यापासून वेगळी वाट धरणारी लहान यंत्रं म्हणजे बॉयलरच नसलेली. धातूच्या तापत्या ठोकळ्यातून किंवा नळीतून पाणी जाता जाता तापवायचं. ब्रेव्हिलचं बँबिनो तीन सेकंदांत तयार होतं असं कंपनी सांगते. उलट ई-६१चं ते पितळी धूड नीट तापायला अर्धा तास लागतो. ज्याला सकाळी उठून दहा मिनिटांत घराबाहेर पडायचं असतं त्याच्यासाठी कुठलं यंत्र वरच्या दर्जाचं, हे किमतीवरून ठरवता येणार नाही.

दादाच्या यंत्रावर मी पहिल्यांदा दूध फेसाळलं ते अजून डोळ्यासमोर आहे. स्टीलचा लहान जग, त्यात थंडगार दूध, जगची चोच सुरू होते तिथपर्यंत. वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरलं आणि झडप उघडली. माझ्या यंत्रावर यानंतर आरामात विचार करायला वेळ असतो. टोक जरा वर घ्यावं का, भोवरा फिरतोय का, कागद फाटल्यासारखा तो बारीक आवाज येतोय का. इथे आवाज आला न आला तोच जग हाताला पोळायला लागला. दूध ६०-६५ अंशांवर थांबवायचं असतं. त्यापुढे गोडवा हरवतो आणि उकळलेल्या दुधाचा वास यायला लागतो. मी थांबवलं तोवर तो टप्पा मागे पडला होता आणि वर साबणासारखे मोठे बुडबुडे. हात बसायला काही दिवस गेले. ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी दुबळी वाफ हा गुण आहे, असं माझं ठाम मत झालंय. ती एक मिनिट घेते आणि त्या मिनिटात शिकवते. शिकून झाल्यावर मात्र त्या मिनिटाचा कंटाळा येतो, हेही खरं.

काही फरक किरकोळ वाटतात पण रोज हाताला लागतात. शॉट संपल्यावर साठलेला दाब बाहेर सोडणारा तिहेरी व्हॉल्व्ह असेल, तर कॉफीची चकती कोरडी, घट्ट निघते आणि एका टकटकीत पडते. तो नसेल तर बास्केटमध्ये चिखल, आणि घाईने पोर्टाफिल्टर काढला तर भिंतीवर शिंतोडे. बास्केटच्या व्यासाचंही तसंच. लहान यंत्रांत ५१ किंवा ५४ मिलिमीटर, व्यावसायिक मापाच्या यंत्रांत ५८. चवीत यामुळे काही आभाळ कोसळत नाही, पण ५८ला हव्या त्या बास्केट आणि कॉफी दाबायचे टॅम्पर कुठेही मिळतात.

एक मात्र किरकोळ नाही. अगदी सुरुवातीच्या यंत्रांबरोबर बहुतेक वेळा दुहेरी भिंतीची बास्केट येते. आतल्या भिंतीला नेहमीची भोकं, बाहेरच्या भिंतीला सुईच्या टोकाएवढं एकच. दाब त्या भोकामुळे तयार होतो, कॉफीमुळे नाही. त्यामुळे जाडंभरडं, शिळं, डब्यातलं कसलंही दळण टाका, वर फेस येणारच. दिसायला झकास. खरा क्रेमा ताज्या भाजलेल्या दाण्यात अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येतो. हा आपला भोकातून जोरात फुटलेला फेस. ही बास्केट दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही, जिच्याकडे ग्राइंडर नाही तिला ती कॉफी देते. पण तिच्यात तुम्ही काय बरोबर करताय आणि काय चूक, हे कधीच कळत नाही. एकेरी भिंतीची बास्केट घेतली त्या दिवसापासून शिक्षण सुरू होतं. आणि त्याच दिवशी ग्राइंडरचा प्रश्न उभा राहतो.

इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळी यंत्रचर्चा इथे येऊन अडते.

आँरी दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम मांडला. पाणीपुरवठ्याचं काम होतं ते, कॉफीशी संबंध नाही. पण कॉफीची चकती हाही कणांचा थरच. दाब वाढला की प्रवाह वाढतो, थर जाड झाला की घटतो, हे सरळ आहे. खरी मेख कणांच्या आकारात आहे. थरातून पाणी जाऊ देण्याची क्षमता कणाच्या व्यासाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे दळण जरासं बारीक झालं, तर वेळ जराशी वाढत नाही, पुष्कळ वाढते. ज्या ग्राइंडरला खटके आहेत आणि दोन खटक्यांतलं अंतर मोठं आहे, त्यावर एका खटक्याला शॉट पाण्यासारखा धो धो, आणि पुढच्या खटक्याला थेंब थेंब. मधली जागा, जिथे चव आहे, ती ग्राइंडरमध्ये अस्तित्वातच नाही. मग यंत्र कितीही महाग असो.

त्यात सगळे कण एका आकाराचे निघत नाहीत. धुळीएवढी भुकटी आणि जाड कण एकत्र येतात. भरताना गाठी राहिल्या तर पाणी सैल जागा शोधतं आणि तिथून वाट काढतं. त्या वाटेवरची कॉफी पिळून निघते, बाकीची अर्धी कोरडी. एकाच कपात आंबटही आणि कडूही, असा जो विचित्र घोट कधी कधी लागतो, त्याचं कारण हे. म्हणून लोक बारीक सुयांनी दळण विंचरून घेतात. बघणाऱ्याला हसू येतं, पण त्याला अर्थ आहे. २०२० साली रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्याच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात असं दिसलं की दळण एका मर्यादेपलीकडे बारीक केलं की पाणी सगळीकडून सारखं जात नाही, आणि शॉटमागून शॉट वेगळा येतो. थोडं जाडं दळून, कॉफी कमी घेऊन उलट जास्त सारखे कप मिळाले. मला त्या संशोधनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्यांनी विचारलेला प्रश्न. 'सर्वांत चांगला कप कसा मिळेल' याबरोबरच 'तोच कप पुन्हा कसा मिळेल' हे त्यांनी विचारलं.

मी आणि दादाने एका रविवारी हाच प्रश्न ओट्यावर मांडला. दोन्ही यंत्रं, एकच ग्राइंडर, त्याचा. तेच दाणे, तेवढंच वजन, कपाखाली वजनकाटा. माझ्या यंत्रावर मी कसरत केली, त्याच्यावर त्याने बटण दाबलं. बायकोला डोळे मिटायला लावून त्याने दोन्ही कप पुढे केले. वहिनी शांतपणे म्हणाली, "दोन्ही छान आहेत, मला साखर द्या."

मलाही पहिल्या जोडीत फार फरक लागला नाही. त्याच्या कपात थोडी जास्त सफाई होती, किंवा मला तशी वाटली, कारण मला किंमत माहीत होती. दुसऱ्या जोडीत माझा कप आंबटीकडे गेला. तिसऱ्यात जवळजवळ बरोबर. चौथ्यात करपट, कारण मधल्या वेळात मी वाफ वापरली होती आणि बॉयलर पुरता निवला नव्हता. त्याचे चारही कप एकाच आईची लेकरं.

म्हणजे माझं यंत्र चांगला कप देत नाही असं नाही. ते चांगला कप देतं आणि मग तो परत कसा मिळवायचा ते सांगत नाही. दहापट पैसे चांगल्या कपाचे नसून पुनरावृत्तीचे असतात. आणि पुनरावृत्तीचा खरा उपयोग चवीपेक्षा वेगळाच निघाला. दादाच्या यंत्रावर कप बिघडला, की त्या बिघाडाला पत्ता असतो. पाणी ९३ होतं, दाब ९ होता, मग गडबड दळणात नाहीतर भरण्यात. दाण्यांचं पाकीट कधी फोडलं ते बघायचं, सुया फिरवायच्या. माझ्या यंत्रावर कप बिघडला तर संशयित पाच, आणि पाचही जणांकडे सबळ पुरावा.

याची दुसरी बाजू दादाला मी बोलून दाखवली. "दादा, तुझ्या यंत्रावर दोष द्यायला कुणी उरतच नाही रे." तो हसला, पण ते खरं आहे. काही माणसांना हे आवडतं. कारण सापडलं की त्यांचा दिवस चांगला जातो. काहींना सकाळी सकाळी कारणं शोधायचीच नसतात, आणि त्यांनी ते यंत्र घेऊ नये, परवडत असलं तरी.

किमतीच्या आणखी वर चढत गेलं की मात्र एक वळण येतं. तिथली यंत्रं शॉट चालू असतानाच दाब आणि प्रवाह बदलू देतात. डिसेंट एस्प्रेसोच्या यंत्राला तर टॅबलेटच जोडलेला असतो, त्यावर दाब, प्रवाह आणि तापमान यांच्या रेघा उमटत जातात. आणि लोक त्यावर कुठला आलेख आवडीने चालवतात? सुरुवातीला हळू भिजवायचं, मग ९ बारपर्यंत न्यायचं, आणि शेवटाकडे दाब उतरत जाऊ द्यायचा. हा आलेख गाजियाच्या स्प्रिंगचा आहे. स्प्रिंग सैल होत जाते तसा तिचा जोर आपोआप उतरतो, तिला कुणी प्रोग्रॅम करत नाही. या विरोधाभासाचा फायदा उठवणारी हातदांड्याची छोटी यंत्रंही मिळतात. फ्लेअर, कॅफेलॅट रोबोट. त्यांत वीज नाही, पंप नाही. उकळतं पाणी वरून ओतायचं आणि दांडा दाबायचा. कप उत्कृष्ट येतो, दाब हाताला कळतो. दूध मात्र तुमचं तुम्ही बघायचं. काळी कॉफी पिणाऱ्याने थोड्या पैशांत वरच्या दर्जाजवळ जायचं असेल तर माझ्या मते हा सगळ्यात प्रामाणिक रस्ता आहे.

पाण्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि यंत्रं मरतात ती पाण्याने. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडतं आणि बॉयलरच्या भिंतीवर, कॉइलवर, बारीक झडपांत थर धरून बसतं. लहान यंत्रात ते अधूनमधून क्षार काढायच्या द्रावणाने धुता येतं, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्याच द्रावणाने, कारण ॲल्युमिनियमचा बॉयलर आम्लाला हळवा असतो. दोन बॉयलरच्या यंत्रात वाफेचा बॉयलर हा खरा शत्रूचा प्रदेश. त्यातून पाणी वाफ होऊन निघून जातं आणि क्षार मागे साठत राहतात. ते काढायला पुष्कळदा यंत्र उघडावं लागतं. मग अगदी शुद्ध, क्षारविरहित पाणी घालावं म्हटलं तर तेही नाही. पातळी ओळखणारी तार पाण्यातून थोडी वीज वाहते यावर चालते. शुद्ध पाण्यातून ती वाहत नाही, आणि यंत्राला वाटतं टाकी रिकामी आहे. शिवाय चवही सपक येते. थोडे क्षार हवेत, फार नकोत. महागड्या यंत्राच्या मालकाला पाण्याचा काठिण्य तपासायचा कागद घरात ठेवावा लागतो, आणि तो यंत्राबरोबर मिळेलच असं नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत माझं मत किमतीच्या रेषेवर चालत नाही. सगळ्यात लहान, प्लॅस्टिकची यंत्रं बहुधा उघडण्यासाठी केलेलीच नसतात. सगळ्यात वरच्या यंत्रांत सुटे भाग मिळतात, पण आत इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि ती गेली की जाणकार लागतो. मधली जुन्या धाटणीची एका बॉयलरची यंत्रं, १९९१ पासून चालत आलेलं गाजिया क्लासिक किंवा १९९७ मध्ये आलेलं रँचिलिओ सिल्व्हिया, यांच्या पोटात एक बॉयलर, एक पंप, दोन थर्मोस्टॅट, एक व्हॉल्व्ह आणि काही तारा. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, आणि जुनं रबरी गॅस्केट दगड झालेलं असलं तर ते उकरायला थोडा धीर. त्यांना बाहेरून पीआयडी लावता येतो, आणि तो लावला की माझी ती आकडे मोजायची कसरत संपते.

दादाचं स्वयंपाकघर झालं आणि यंत्र परत गेलं. जाताना त्याने विचारलं, "मग? तू पण घेणार का असलं?"

"आधी ग्राइंडर," मी म्हणाले. "मग माझ्याच यंत्राला पीआयडी. वाफेचा विचार त्यानंतर."

"आणि मग?"

मग जुनं, वापरलेलं दोन बॉयलरचं मिळालं तर बघेन. हौस फिटलेले लोक अशी यंत्रं विकतात आणि त्यांची चकाकी बहुतेक वेळा शाबूत असते. चकाकीकडे बघायचं नाही. शॉट काढून दाखवायला सांगायचं, वाफ पूर्ण सोडून बघायची, ग्रुप हेडच्या कडेने पाणी झिरपतंय का ते बोटाने तपासायचं. आणि विकणाऱ्याला सहज विचारायचं, यात पाणी कुठलं घालत होता? त्याने काठिण्याचा आकडा सांगितला तर बोलणी पुढे न्यायची. "पाणी म्हणजे, नळाचं" असं म्हणून तो गोंधळलेल्या चेहऱ्याने बघायला लागला, तर बॉयलर उघडून दाखवायची अट घालायची, नाहीतर चहा घेऊन निघायचं.